प्रतिपदा ते चतुर्थी: आंबोलीच्या सड्यापासून वेंगुर्ल्याच्या खाडीपर्यंत, रात्रीच्या वाटेनं

रात्रीच्या जंगलफेरीची तारीख पंचांग बघून ठरवावी. आषाढ शुद्ध प्रतिपदा ते चतुर्थी हे चार दिवस घेण्यामागं दोन कारणं होती. अमावस्या नुकतीच सरलेली असल्यानं चंद्र लवकर मावळतो आणि काळोख पुरता मिळतो. बरेच निशाचर चांदण्यात उघड्यावर यायला कचरतात. दुसरं कारण चौथ्या रात्रीचं, खाडीचं. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला ३ नं गुणायचं, ४ नं भागायचं. चतुर्थीला उत्तर येतं ३. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि रात्री नवाच्या आसपास ओहोटी, नेमकी फेरीच्या वेळेला. अर्धापाऊण तास इकडंतिकडं होतो, पण बेत आखायला हा हिशेब पुरतो.

पहिला दिवस, प्रतिपदा: सावंतवाडी ते आंबोली

सावंतवाडी रोड स्थानकावर उतरून आंबोली गाठायची. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, त्यामुळे पहिल्या दिवशी दुसरं काहीच ठरवू नये. सावंतवाडी शहरापासून घाटमाथा साधारण ३० किलोमीटर. अंतर कमी असलं तरी काळोख पडल्यावर धुक्यात आणि दरडींच्या दिवसांत हा घाट चढू नये. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडून रिकामे होतात, म्हणून इथल्या पावसाची गणना राज्यातल्या सर्वाधिक पावसात होते. त्या पावसावरच इथली रात्र जगते.

जेवण साडेसहाला उरकावं: भात, कुळथाची पिठी, भाजलेला पापड. पोट जड झालं की उभं राहून वाट बघणं जमत नाही, आणि या फेरीत मुख्य काम तेच. पूर्ण बाह्यांचा गडद सदरा, जाड पँट आणि गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट घालावेत. सँडल किंवा उघडी पादत्राणं घालून आलेल्याला वाटाड्यानं परत पाठवलं तर त्याच्याशी वाद घालू नये. पातळ प्लॅस्टिकचे रेनकोट चालताना इतके सळसळतात की पाच पावलांवरचा बेडूक ऐकू येत नाही. मऊ कापडाचा पोंचो बरा. गटात एक-दोन छत्र्या असाव्यात, पण त्या कॅमेऱ्यासाठी.

विजेऱ्यांवर इथं थोडं जास्त लिहायला हवं, कारण निम्म्या फेऱ्या उजेडामुळेच बिघडतात. डोक्याला बांधायची एक आणि हातातली एक, अशा दोन लागतात. डोक्यावरची २०० ते ३०० ल्युमेनची पुरते, मात्र तिला मंद आणि लाल उजेडाची सोय हवी. प्राण्याच्या डोळ्यांतली चमक दिसायची तर उजेड आपल्या डोळ्यांच्या रेषेत असावा लागतो. डोळ्यामागचा पडदा प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकतो. विजेरी कमरेजवळ धरली तर ती चमक आपल्यापर्यंत पोचतच नाही. धुकं उतरलं की गणित उलटतं. कपाळावरचा झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून परत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. अशा वेळी डोक्यावरची बंद करावी आणि हातातली कमरेच्या उंचीवर, अंगापासून बाजूला धरावी. डोळ्यांची चमक मिळणार नाही, पण पायाखालचं आणि पानांवरचं स्वच्छ दिसतं.

पहिल्या रात्रीची फेरी गावाच्या कडेनंच, जेमतेम ४०० मीटरची. एवढ्याला दोन तास लागतात आणि लागायलाच हवेत. पुढं वाटाड्या, शेवटी त्याचा साथीदार, मधे फार तर सहा-सातजण, एका ओळीत. जंगल सरकारी राखीव असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री आत पाय टाकता येत नाही. मालकीची जमीन असेल तर मालकाला विचारायचं. सिंधुदुर्गात खासगी जंगल बरंच आहे, त्यामुळे दुसरा प्रसंग जास्त येतो.

घरामागच्या सिमेंटच्या टाकीवर झुकलेल्या फांदीला फेसाचे पांढुरके गोळे लटकत होते. ही मलबारी उडत्या बेडकाची घरटी. मादी अंड्यांबरोबर एक स्राव सोडते आणि तो मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस होतो. बाहेरचा थर सुकून कडक होतो, आतली अंडी ओली राहतात, आणि काही दिवसांनी पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात. म्हणून घरटं नेहमी पाण्याच्या बरोबर वर असतं. फोटोसाठी फांदी वाकवून घेतली आणि ती सोडल्यावर जरा बाजूला राहिली, तर पुढं सगळी पिल्लं कोरड्या जमिनीवर पडतात. फांदीला हात लावायचा नाही तो एवढ्यासाठी. प्रौढ बेडूक हिरवागार, बोटांमधला पडदा नारिंगी-लाल. तो टाकीच्या काठावर निवांत बसतो, त्याच्या तोंडावर सतत झोत मात्र नको. क्षणभर बघावं, उजेड बाजूला घ्यावा, मग कडेच्या उजेडात बघत राहावं.

दुसरा दिवस, द्वितीया: चौकुळचा सडा

सकाळी हिरण्यकेशीचं मंदिर. मंदिराजवळच्या पाण्यातला शिस्टुरा हिरण्यकेशी हा बोटाएवढाही नसलेला मासा २०२० मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदवला गेला. २०२१ मध्ये राज्य सरकारनं त्याच्या अधिवासाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. काठावरून बघावं, पाण्यात उतरू नये.

दुपारी रात्रीची वाट उजेडात चालून घ्यावी. हे बहुतेक गट टाळतात आणि रात्री त्याची किंमत मोजतात. कुठं शेवाळलेला उतार आहे, कुठं ओहोळ फुगला तर परत फिरावं लागेल, मोबाइलला रेंज कुठल्या वळणावर येते, हे सगळं दिवसाच कळतं. आंबोलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्यापुढं सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय आणि फार गंभीर असेल तर गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय. हे अंतर डोक्यात ठेवूनच रात्रीचं धाडस किती करायचं ते ठरवावं.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. दिवसा ओसाड वाटतं. रात्री त्यावरचं प्रत्येक बोटभर खोलीचं डबकं भरलेलं असतं. आंबोली टोड हा छोटा भेक इथला. अंगावर पिवळसर पट्टे असल्यानं त्याचं शास्त्रीय नाव झँथोफ्रिन टायगरिना. २००९ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि आंबोलीच्या परिसराबाहेर त्याला फारसं जग नाही. पहिल्या पावसात थोड्याच दिवसांत त्यांचं मीलन उरकतं. अंडी कातळावरच्या उथळ पाण्यात घातली जातात आणि पिल्लांना ते पाणी आटायच्या आत पाय फुटावे लागतात. पावसानं मधेच दडी मारली की डबकी सुकून पिल्लं मरतात. आषाढाच्या सुरुवातीला डबक्यांत काळी टिंबं वळवळत असतात आणि काठावर नुकते पाय फुटलेले, तांदळाच्या दाण्याएवढे भेक. गमबुटाचं एक पाऊल त्या डबक्यात पडलं तर काय होतं ते सांगायला नको. सड्यावर पाण्यातून चालायचंच नाही. वाटाड्याच्या पावलावर पाऊल, कोरड्या उंचवट्यावरून. प्रौढ भेक ओल्या रस्त्यावरही येऊन बसतात आणि गाड्यांखाली चिरडले जातात, म्हणून गाडी डांबरी रस्त्याच्या सुरुवातीलाच ठेवून चालत जावं.

जळवांसाठी लांब मोजे पँटवरून चढवून घ्यावेत. मिठाची पुरचुंडी आणि तंबाखूचं पाणी हे दोन्ही उपाय चालतात, पण ते हाताला लागले की तो हात बेडकाला लावणं म्हणजे त्याची कातडी भाजणं. बेडूक कातडीनं पाणी शोषतो, श्वासही घेतो. मीठ, तंबाखू, डास पळवायचं मलम, साबण, सगळं त्याच्या अंगात जातं. बेडूक हातात घ्यायचाच नाही हा नियम म्हणून सोपा. जळू लागलीच तर नखानं तोंडाच्या बाजूनं सरकवून काढावी. थोडं रक्त वाहील, घाबरायचं कारण नाही.

सडा संपून झाडी सुरू झाली की सगळे दिवे बंद करून पाच मिनिटं उभं राहायचं. सुरुवातीला नुसता गोंगाट वाटतो, मग आवाज सुटे होतात. झुडपांत कंबर-छातीच्या उंचीवरून टिक-टिक करणारे झुडूपबेडूक आकारानं जेमतेम अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठे. यांना पाण्यातली पिल्लं नसतातच, अंड्यातून थेट इवला बेडूक बाहेर येतो. त्यांना शोधायची खात्रीची रीत अशी: दोघांनी चार-पाच पावलांवर उभं राहायचं, दोघांनी डोळे मिटून आवाजाच्या दिशेनं हात करायचा. जिथं दोन हातांच्या रेषा मिळतील तिथं मंद झोत टाकायचा. बेडूक गप्प झाला तर आपण हललो म्हणून. दोन-तीन मिनिटं थांबलं की तो पुन्हा सुरू होतो. एकट्यानं शोधलं तर पानांवरून परतणारा आवाज हमखास चकवतो.

ओहोळाच्या काठी पानांच्या टोकांना जेलीसारखे थेंब दिसले तर तिथं बसू नये, बॅग टेकवू नये. ती रातबेडकांची अंडी. त्याच ओहोळावर, मनगटाएवढ्या फांदीवर मलबारी चापडा होता, डोकं खाली, ओहोळाकडं तोंड. "उबे रवा," वाटाड्या एवढंच म्हणाला. चापडा दबा धरून बसणारा साप आहे. एकाच फांदीवर सलग कित्येक रात्री बसतो, कारण खालून जाणारा बेडूक हे त्याचं भक्ष्य. त्याला काडीनं हलवून फोटोसाठी तोंड वळवून घेणारे लोक दोन गुन्हे करतात: सापाची जागा मोडतात आणि पुढच्या गटासाठी तो कुठं गेला हे कोणालाच माहीत राहत नाही. दोन मीटर अंतर ठेवावं. एक साप दिसला की त्या फांदीच्या आसपासच्या इतर फांद्याही आधी तपासाव्यात, कारण सगळे एकाकडं बघताना कुणीतरी मागं सरकतो आणि हात टेकवतो.

चापड्याच्या विषावर आपल्याकडचं सर्पदंशाचं प्रतिविष चालत नाही. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषासाठी बनतं. चापड्याचा दंश झाला तर सूज आणि वेदना खूप, उपचार लक्षणांवर. कुठल्याही सर्पदंशात चिरा देऊ नये, दोरी आवळू नये, चोखू नये. अंगठी, घड्याळ काढावं, दंश झालेला अवयव काठी-कापडानं स्थिर करावा, माणसाला चालवू नये, १०८ ला फोन करावा. साप पकडून नेण्याची गरज नसते.

परतीच्या वाटेवर कुजक्या फांद्यांच्या ढिगाजवळ पुन्हा दिवे बंद, यावेळी पूर्ण २० मिनिटं. मोबाइलचा पडदाही नाही. डोळे काळोखाला सरावायला तेवढा वेळ लागतोच आणि एका सेकंदाचा उजेड तो सगळा घालवतो. मग ओल्या लाकडावर फिकट हिरवी उजळी दिसू लागली, आधी एक रेघ, नंतर अख्खी फांदी. ही बुरशी. चार दिवस पाऊस लागलेला असेल तरच ती चमकते. एखादा तुकडा खोलीवर न्यायचा मोह होतो, पण वाळल्यावर तो नुसता कुजका लाकूडतुकडा उरतो. जवळच्याच दरडीत रेशमाचं अस्तर असलेली टॅरंटुलाची बिळं होती. बिळात गवताची काडी घालून कोळ्याला बाहेर काढायचा खेळ काहीजण करतात. तो करू द्यायचा नाही.

गव्याचं भान मात्र सतत हवं. काळोखात जमिनीपासून छातीपेक्षा उंच, दूर दूर असलेले दोन डोळे चमकले तर झोत खाली करून, पाठ न फिरवता मागं सरकायचं. ५० मीटरसुद्धा कमी वाटावेत. वासरू दिसलं तर त्याची आई कुठं आहे हे कळेपर्यंत पुढं जायचं नाही.

तिसरा दिवस, तृतीया: दोडामार्गच्या पायथ्याशी

घाट उतरून बांद्यावरून दोडामार्ग. हवा बदलते: वर गार धुकं, इथं घामट उबारा. चष्मे आणि भिंगं धुरकटतात. वातानुकूलित गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नये, बंद बॅगेत अर्धा तास राहू द्यावा.

तिलारीच्या खोऱ्यात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतात. २०२० मध्ये तिलारीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हत्ती बघायला रात्री पायी जाणं ही कल्पनाच चूक आहे. फेरीच्या दिवशी दुपारी वनखात्याच्या नाक्यावर आणि गावात दोन्हीकडं विचारायचं: काल कुठं होते, आज कुणाच्या बागेत शिरले. आषाढात फणस पिकून गळत असतात. जिथं पिकल्या फणसाचा वास जोरात येतो ती वाट सोडून द्यावी. ताजी लीद, वाकवलेला बांबू, सोललेली केळ दिसली तर त्या रात्रीची फेरी रद्द. पैसे भरलेत म्हणून जाऊया, हा युक्तिवाद ऐकून घेऊ नये.

म्हणून फेरी गावालगतच्या सुपारीच्या बागेतून, कुळागरातून. देवराई बाहेरूनच. रात्री राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाच्या, जागेत जाऊ नये असं गावानं सांगितलं तर तिथं थांबायचं. ज्या राईला कुणी कुऱ्हाड लावली नाही, ती या धाकामुळेच टिकली आहे.

सुपारीच्या शेंड्यापासून फणसापर्यंत कांडेचोर (उदमांजर) सरसर गेला, नारिंगी चमक एकदा मागं वळून. लाजवंती (स्लेंडर लोरिस, झाडावर राहणारा छोटा निशाचर प्राणी) या भागात आहे, पण दिसली नाही. तिला शोधायचं तर फक्त लाल उजेड, तोही फांद्यांच्या जाळीवर सावकाश फिरवत. तिच्या डोळ्यांची तांबूस-नारिंगी चमक हलत नाही, एकाच जागी दोन ठिपके रोखून राहतात. झाडाखाली गर्दी करून उजेड मारत बसलं की ती गोठून जाते आणि त्या वेळेत तिचं खाणं बुडतं. पाच मिनिटांच्या वर नको. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून घुबडं किंवा रातवे बोलावणं तर नकोच. त्यांची पिल्लं असतील तेव्हा आई-बाप खोट्या शत्रूमागं धावतात.

झोपलेले सरडे मात्र इथं भरपूर. काटकीच्या अगदी टोकाला, शेपूट लोंबती. टोकाला झोपण्यामागं कारण आहे: साप काटकीवर चढला की ती हलते आणि सरडा खाली उडी टाकतो. म्हणून त्या काटकीला धक्का लागला की बिचारा रात्रभरासाठी जागा गमावतो.

आजारांबद्दल: २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली, पुढं बांद्याकडंही. तो गोचिडींमुळे पसरतो आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे. कोरड्या दिवसांत याच वाटेनं येणाऱ्यांनी गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल लावावं, पालापाचोळ्यावर बसू नये आणि परतल्यावर काखा, जांघा, कानामागं तपासावं. पावसाळ्यात धोका लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा. पायाला जखम असेल तर बागेच्या पाटात उतरू नये.

चौथा दिवस, चतुर्थी: वेंगुर्ल्याची खाडी

सावंतवाडीवरून वेंगुर्ला. आषाढात समुद्राकडच्या खडकांवर रात्री जाऊ नये, लाट अंगावर येते. फेरी खाडीच्या बांधावरून. साडेआठला निघालं की पाणी उतरत असतं, साडेदहापर्यंत चढायला लागतं, त्याआधी परत. वेळेचा हिशेब वाटाड्याबरोबर गटातल्या आणखी एकाकडं असावा. चिखलात उतरायचं नाही: कांदळाची श्वासमुळं पायाखाली मोडतात आणि गमबूट चिखलात रुततो तो पाय बाहेर काढल्यावरच सुटतो.

उघड्या चिखलावर निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे), कुर्ल्या. बांधाच्या मातीत हूदाच्या पावलांचे ठसे आणि माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा. पाणमांजराला इथं हूद म्हणतात आणि ते बहुधा ऐकू आधी येतं, शीळ घातल्यासारखं. पलीकडच्या काठावर कोल्ह्यांची कोल्हेकुई. इथं विजेरी जितकी कमी, तितकं जास्त कळतं.

परतताना वाडीच्या चिऱ्याच्या गडग्याशी (दगडी कुंपणाशी) थांबायचं, अतिनील विजेरी काढायची. ३६५ नॅनोमीटरची चांगली, ३९५ ची स्वस्त मिळते तीही चालते. पाऊस दोन-तीन तास थांबलेला असेल तर फटींतून विंचू बाहेर आलेले असतात आणि या उजेडात निळसर-हिरवे चकाकतात. नुकती कात टाकलेला विंचू चकाकत नाही, म्हणून "उजेडात काही नाही" याचा अर्थ "गडगा मोकळा" असा घेऊन हात टेकवू नये. कोकणातला लाल विंचू आकारानं छोटा, पण हृदयावर परिणाम करणारा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला तेव्हापासून या दंशानं दगावणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं. घाम, थंड पडलेले हातपाय, उलट्या दिसल्या तर वेळ न घालवता दवाखाना. या उजेडाकडं थेट बघू नये आणि विंचवावरही तो काही सेकंदांपुरताच ठेवावा.

गडग्याच्या पायथ्याशी फुरसंही असू शकतं. जांभ्याच्या कातळावर ते या किनाऱ्यावर सगळीकडं आहे. लांबीनं हातभर, रंग दगडाचा, आणि जोराच्या पावसात जमीन भिजली की ते झुडपावर किंवा दगडावर चढून बसतं. वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. तो ऐकू आला की जागच्या जागी थांबायचं, उजेडात ते दिसल्यावरच पाय उचलायचा.

निघायच्या आधी गमबूट, मोजे, काठ्या स्वच्छ धुवून कडक वाळवायच्या. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात सापडलेली आहे आणि ती ओल्या बुटांच्या तळव्यांतून एका ओहोळातून दुसऱ्यात जाऊ शकते. त्यासाठी आंबोली सोडतानाच एकदा बूट घासलेले बरे. नोंदी ठेवताना जात, वेळ, पाऊस, उंची लिहावी. आंबोली टोड आणि चापडा यांच्या फोटोंवर मात्र जागेचा नेमका ठिकाणा टाकू नये, फोनमधली जागेची नोंद फेरीआधीच बंद करावी. तस्करांना फांदीपर्यंत पोचवायला एक फोटो पुरतो.